मोबाईलचा पडदा बिनतारी पद्धतीने टीव्हीवर कसा आणावा

मोबाईलवरचे चित्र तारेविना टीव्हीवर नेण्याचा प्रयत्न फसतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष फोनचाही नसतो आणि टीव्हीचाही नसतो. फोन एका पद्धतीने टीव्हीचा शोध घेत असतो आणि टीव्ही दुसऱ्याच पद्धतीच्या हाकेची वाट पाहत असतो. त्यामुळे सेटिंग्ज चाळायला लागण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात : आपल्याला टीव्हीवर नेमके काय दाखवायचे आहे, आणि आपल्याकडची दोन्ही यंत्रे कोणत्या पद्धतीवर एकमत होऊ शकतात. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती आली की उरलेले काम दोन-चार मिनिटांचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच जण विचारातच घेत नाहीत. यूट्यूबवरचे कीर्तन, मालिकेचा भाग किंवा गूगल फोटोजमधला लग्नाचा अल्बम दाखवायचा असेल, तर फोनचा संपूर्ण पडदा टीव्हीवर नेण्याची गरजच नसते. अशा ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात कास्टचे चिन्ह असते. आयताच्या एका कोपऱ्यातून लहरी बाहेर पडत आहेत असे ते दिसते. ते दाबून टीव्हीचे नाव निवडले की फोन टीव्हीला फक्त कोणता व्हिडिओ लावायचा एवढे सांगतो आणि पुढे टीव्ही तो व्हिडिओ स्वतः इंटरनेटवरून घेतो. फोनचे काम तेवढ्यावर संपते. पडदा बंद करा, फोनवर बोला, दुसरे ॲप उघडा, टीव्हीवरचे चित्र थांबत नाही आणि फोनची बॅटरीही फारशी खर्च होत नाही. चित्राचा दर्जासुद्धा टीव्हीच्या क्षमतेप्रमाणे मिळतो, फोनच्या पडद्याप्रमाणे नव्हे.

याउलट मिररिंगमध्ये फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटतो. फोन आपल्या पडद्याचे चित्र सतत व्हिडिओत रूपांतरित करून टीव्हीकडे पाठवत राहतो, म्हणून तो तापतो, बॅटरी वेगाने उतरते आणि पडदा बंद केला की टीव्हीवरचे चित्रही जाते. तरीही ज्या ॲपमध्ये कास्टचे चिन्ह नाही तिथे हाच मार्ग उरतो : वीजबिल भरण्याची पद्धत आईवडिलांना मोठ्या पडद्यावर समजावून सांगणे, शिकवणी घेणे, व्हॉट्सॲपवर आलेले बारशाचे व्हिडिओ सगळ्यांनी मिळून पाहणे. माझे मत असे आहे की जिथे कास्ट चालते तिथे मिररिंगच्या वाटेला जाऊ नये. निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

टीव्हीला कोणती पद्धत समजते

आज घराघरांत तीन पद्धती आढळतात. मिराकास्ट ही वायफाय अलायन्स या संस्थेने २०१२ साली प्रमाणित केलेली पद्धत आहे. तिच्यात फोन आणि टीव्ही वायफाय डायरेक्टच्या साहाय्याने थेट एकमेकांशी जोडले जातात. मध्ये राउटर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. गूगल कास्ट ही पद्धत २०१३ साली टीव्हीला लावायच्या क्रोमकास्ट या छोट्या उपकरणाबरोबर आली आणि आता ती बहुतेक अँड्रॉइड टीव्ही व गूगल टीव्हींमध्ये आतच बसवलेली असते. तिसरी पद्धत ॲपलची एअरप्ले. ती पूर्वी ॲपलच्याच यंत्रांपुरती होती, परंतु २०१९ पासून सॅमसंग, एलजी आणि सोनी यांच्या अनेक टीव्हींमध्ये ती मिळू लागली.

फोनच्या बाजूने पाहिले तर सॅमसंग, शाओमी, ओप्पो, रिअलमी, वनप्लस, विवो अशा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मिराकास्ट असते. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनमध्ये ते दिलेले नाही. तिथे फक्त गूगल कास्ट चालते. आयफोनला मिराकास्ट अजिबात समजत नाही, आणि आयफोनचा पूर्ण पडदा नेण्यासाठी ॲपलने फक्त एअरप्लेची सोय दिली आहे. नवा टीव्ही घेताना दुकानदार ‘स्क्रीन मिररिंग आहे’ एवढेच सांगतो. त्या वेळी घरातल्या फोनचा विचार करून ‘यात एअरप्ले आहे का, गूगल कास्ट आहे का, मिराकास्ट आहे का’ असे नाव घेऊन विचारावे, आणि शक्य असेल तर दुकानातच आपला फोन जोडून पाहावा.

टीव्ही स्मार्ट नसला तरी अडत नाही. त्याच्या मागे एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलने घेणारी, खाच असेल तर तिथे फायर टीव्ही स्टिकसारखे किंवा गूगल टीव्हीवर चालणारे उपकरण लावता येते. अशा उपकरणाला वीज टीव्हीच्या यूएसबी खाचेतून देण्यापेक्षा त्याच्यासोबत आलेल्या ॲडॅप्टरमधून द्यावी. टीव्हीच्या खाचेतून पुरेशी वीज मिळत नसेल तर उपकरण मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि पाहणाऱ्याला दोष वायफायचा वाटतो.

अँड्रॉइड फोनवरून पूर्ण पडदा नेणे

आधी टीव्ही तयार करावा. फायर टीव्ही स्टिक असेल तर रिमोटवरील घराचे चिन्ह असलेले बटण काही क्षण दाबून धरावे. येणाऱ्या यादीत ‘मिररिंग’ दिसते. ते निवडल्यावर पडद्यावर उपकरणाचे नाव येते आणि ते फोनची वाट पाहू लागते. एलजीच्या अनेक टीव्हींमध्ये ‘स्क्रीन शेअर’ नावाचे ॲप आधी उघडून ठेवावे लागते. सॅमसंगच्या अलीकडच्या टीव्हींमध्ये असे काही उघडावे लागत नाही. फोनकडून विनंती आली की पडद्यावर परवानगीची चौकट येते आणि रिमोटने ‘अलाउ’ निवडावे लागते. ही चौकट थोडाच वेळ थांबते, म्हणून रिमोट हाताशी ठेवूनच सुरुवात करावी.

नंतर फोनच्या पडद्यावर वरून खाली दोनदा बोट फिरवून झटपट सेटिंग्जची बटणे उघडावीत. तिथे सॅमसंगमध्ये ‘स्मार्ट व्ह्यू’, शाओमीमध्ये ‘कास्ट’, तर ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसमध्ये ‘स्क्रीनकास्ट’ अशा नावाचे बटण असते. कंपनी आणि आवृत्ती यांप्रमाणे ही नावे बदलतात. बटण सापडले नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘कास्ट’ लिहून पाहावे, तेवढ्याने ते बहुधा सापडते. बटण दाबताच फोन जवळपासच्या टीव्हींचा शोध घेतो. या वेळी फोनचे वायफाय चालू असणे आवश्यक आहे, ते कोणत्याही राउटरला जोडलेले नसले तरी चालते. यादीत आपल्या टीव्हीचे नाव आले की त्यावर टिचकी मारावी, टीव्हीने मागितल्यास परवानगी द्यावी, आणि पाच-दहा सेकंदांत पडदा उमटतो. सदनिकांच्या इमारतीत शेजाऱ्यांचे टीव्हीही त्याच यादीत दिसू शकतात. म्हणून आपल्या टीव्हीला सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळे नाव देऊन ठेवावे. कारखान्यातून आलेला मॉडेल क्रमांक वाचून टीव्ही ओळखणे कठीण जाते.

टीव्हीमध्ये मिराकास्ट नसून गूगल कास्ट असेल, किंवा आपला फोन पिक्सेल असेल, तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर आणून गूगल होम ॲप उघडावे, त्यात टीव्हीच्या नावावर जावे आणि ‘कास्ट माय स्क्रीन’ निवडावे.

चित्र आल्यावर फोन आडवा धरावा आणि ‘ऑटो रोटेट’ चालू ठेवावे. फोन उभा असेल तर टीव्हीच्या मधोमध चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना मोठी काळी जागा दिसते. आडवा धरल्यावरही वर-खाली थोडी काळी किनार राहते, कारण हल्लीच्या फोनचे पडदे टीव्हीच्या १६:९ या प्रमाणापेक्षा अधिक लांबट असतात. तो बिघाड नव्हे. आवाज टीव्हीतून येत नसेल तर फोन एखाद्या ब्लूटूथ हेडफोनला जोडलेला राहिला आहे का ते पाहावे.

प्ले स्टोअरमध्ये ‘स्क्रीन मिररिंग’ या नावाची असंख्य ॲप आहेत आणि शोध घेताच तीच आधी समोर येतात. त्यांतली बरीचशी फोनमध्ये आधीच असलेले कास्टचे पान उघडून देतात आणि त्या बदल्यात जाहिराती दाखवतात. फोनमध्ये सोय असताना अशा ॲपला पडदा पाहण्याची परवानगी देऊ नये.

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी

टीव्हीवर फोन दाखवायचा तर इंटरनेट हवेच, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती मिराकास्टच्या बाबतीत खरी नाही. याचा सर्वाधिक उपयोग गावच्या शाळेत होतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपने स्कॅन केला की त्या पाठाचे दृक्‌श्राव्य साहित्य उघडते, आणि त्यातले बरेचसे फोनमध्ये उतरवून ठेवता येते. शिक्षकांनी आदल्या दिवशी रेंज असलेल्या ठिकाणी पाठ उतरवून घेतला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात नेटवर्क नसले तरी वायफाय चालू करून मिराकास्टने तो टीव्हीवर दाखवता येतो. फोन आणि टीव्ही यांच्यातला हा प्रवास त्या दोघांमधल्याच लहरींवर होतो, त्यामुळे डेटा पॅकमधून काहीही वजा होत नाही. मात्र वर्गात मुले येण्यापूर्वी एकदा जोडणी करून पाहावी, कारण पहिल्या वेळी टीव्ही परवानगी विचारतो आणि कधी कधी कोडही मागतो.

ज्या टीव्हीत फक्त गूगल कास्ट किंवा एअरप्ले आहे आणि घरात ब्रॉडबँड नाही, तिथे दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही आणि दाखवणारा फोन हे दोघेही त्याला जोडावेत. ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून कास्ट करण्याचा प्रयत्न प्रत्येक जोडीत यशस्वी होतोच असे नाही, म्हणून घरात दोन फोन असतील तर ही वाटणी अधिक भरवशाची ठरते. इथे डेटाचे भान ठेवावे : कास्ट केलेला व्हिडिओ टीव्ही हॉटस्पॉटवरून घेतो, आणि चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला २ ते ३ जीबी सहज लागतात. यूट्यूबवर दर्जा ४८०पी ठेवल्यास हा खर्च पुष्कळ कमी होतो.

यूट्यूबपुरती आणखी एक सोय आहे आणि ती फारशी माहीत नाही. टीव्हीवरील यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक विथ टीव्ही कोड’ निवडले की आकड्यांचा कोड दिसतो. फोनवरील यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘वॉच ऑन टीव्ही’ येथे तो भरला की दोघांची जोडी जमते. यासाठी फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असावे लागत नाहीत; टीव्ही ब्रॉडबँडवर आणि फोन मोबाईल डेटावर असला तरी चालते.

आयफोन असेल तर

टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये एअरप्ले चालू करावे आणि दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर आणावीत. फेस आयडी असलेल्या आयफोनवर वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली, तर होम बटण असलेल्या आयफोनवर खालच्या कडेवरून वर बोट ओढून कंट्रोल सेंटर उघडावे. एकावर एक ठेवलेल्या दोन आयतांचे चिन्ह म्हणजे ‘स्क्रीन मिररिंग’. ते दाबून टीव्ही निवडावा आणि टीव्हीवर आलेला कोड फोनमध्ये भरावा.

टीव्हीमध्ये एअरप्ले नसेल पण गूगल कास्ट असेल, तर आयफोनच्या स्वतःच्या सोयीने पूर्ण पडदा बिनतारी दाखवता येणार नाही. तरीही यूट्यूब आणि गूगल फोटोज या ॲपमधले कास्टचे चिन्ह आयफोनवरही चालते. परदेशातून सुटीला आलेल्या नातेवाइकांच्या आयफोनमधले फोटो घरच्या अँड्रॉइड टीव्हीवर पाहायचे असतील तर हाच सोपा मार्ग आहे.

टीव्ही यादीत दिसत नसेल तर

गूगल कास्ट आणि एअरप्ले यांच्याबाबत पहिली तपासणी नेटवर्कच्या नावाची. फोनच्या आणि टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दोघांनाही जोडलेल्या वायफायचे नाव प्रत्यक्ष वाचावे. अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफाय लहरींच्या दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे देतात; बहुधा त्यांच्यातून एकमेकांपर्यंत पोहोचता येते, पण काही राउटरवर ती वाट बंद असते, म्हणून दोन्ही यंत्रे एकाच नावावर आणून पाहावीत. पाहुण्यांसाठीचे गेस्ट नेटवर्क असेल तर कास्ट होणारच नाही असे समजावे. अशा नेटवर्कवर जोडलेली यंत्रे एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना केलेली असते. हॉटेल, वसतिगृह आणि कार्यालय यांच्या वायफायवर टीव्ही न सापडण्यामागेही हेच कारण असते आणि तिथे आपल्या फोनमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही. आपलाच हॉटस्पॉट वापरावा किंवा मिराकास्टकडे वळावे.

दुसरे कारण फोनच्या आत सापडते. व्हीपीएन, म्हणजे फोनचे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय, चालू असेल तर ते तात्पुरते बंद करावे. आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खालील ‘लोकल नेटवर्क’ या यादीत संबंधित ॲपला परवानगी आहे का ते पाहावे. पहिल्यांदा ॲप उघडताना घाईत ‘डोन्ट अलाउ’ दाबले गेलेले असते आणि नंतर ते कोणाच्या लक्षात राहत नाही. सॅमसंगच्या टीव्हीवरही असेच होते. एकदा परवानगी नाकारली की तो फोन नाकारलेल्यांच्या यादीत जातो आणि पुढे चौकटच येत नाही. ‘एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर’ उघडून तिथल्या यादीत आपल्या फोनला पुन्हा परवानगी द्यावी. या सगळ्यानंतरही टीव्ही दिसला नाही तर फोन, टीव्ही आणि राउटर तिन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत. टीव्हीच्या बाबतीत रिमोटचे बटण पुरेसे नसते, कारण त्याने टीव्ही केवळ झोपी जातो. भिंतीवरचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे.

चित्र अडखळते किंवा काळे पडते

मिराकास्टमध्ये चित्र अडखळण्याचे एक कारण सहसा सांगितले जात नाही. फोन एकाच वेळी राउटरशी २.४ गिगाहर्ट्झवर आणि टीव्हीशी दुसऱ्या पट्ट्यावर बोलत असेल, तर अनेक फोनमधल्या वायफाय चिपला दोन्हींकडे आळीपाळीने लक्ष द्यावे लागते आणि टीव्हीकडे जाणारा प्रवाह तुटक होतो. फोनमधले चित्र आधीच उतरवलेले असेल तर वायफाय चालूच ठेवून फक्त राउटरची जोडणी तोडावी. इंटरनेट लागणार असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जावे किंवा मोबाईल डेटा वापरावा. बऱ्याच घरांत एवढ्याने फरक जाणवतो. त्याखेरीज फोन टीव्हीच्याच खोलीत ठेवावा आणि बॅटरी सेव्हर बंद करावा.

हालचाल आणि टीव्हीवरचे चित्र यांत थोडे अंतर मात्र राहणारच. पडद्याचे चित्र दाबून लहान करणे, पाठवणे आणि टीव्हीने ते पुन्हा उलगडणे यात वेळ जातो. भाषण, फोटो आणि सादरीकरण यांत ते जाणवत नाही. वेगवान खेळ खेळायचा असेल तर तारच लावावी. त्यासाठी फोनच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर येण्याची सोय असावी लागते आणि स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते, म्हणून केबल विकत घेण्यापूर्वी खात्री करावी.

मिररिंग सुरू असताना सगळे नीट दिसते, पण नेटफ्लिक्ससारखे ॲप उघडताच चित्र काळे होते आणि आवाज तेवढा येतो, ही तक्रार फार येते. ते बिघडलेले नसते. नक्कल रोखण्यासाठी अशी ॲप आपले चित्र संरक्षित ठेवतात आणि मिररिंगला ते देत नाहीत. टीव्हीवर किंवा स्टिकवर तेच ॲप उतरवून तिथेच पाहणे हा यावरचा सरळ उपाय आहे. बँकांची ॲपही याच प्रकारे स्वतःचा पडदा झाकून घेतात आणि ते आपल्या भल्याचे आहे.

दाखवण्यापूर्वी आणि दाखवून झाल्यावर

पूर्ण पडदा दाखवताना आलेला प्रत्येक संदेश खोलीतल्या सगळ्यांना दिसतो : बँकेचा ओटीपी, डॉक्टरांचा अहवाल, कोणाचा तरी खाजगी निरोप. म्हणून जोडणीपूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करून सूचना पडद्यावर झळकणार नाहीत अशी व्यवस्था करावी. फोटो दाखवायचे असतील तर हवे तेवढे फोटो वेगळ्या अल्बममध्ये आधीच काढून ठेवावेत. फोनवरून कोणी अनोळखी व्यक्ती ‘पडदा शेअर करा, मी मदत करतो’ म्हणू लागली आणि त्यासाठी एखादे ॲप उतरवायला सांगू लागली, तर त्याचा टीव्हीशी काही संबंध नसतो. ती फसवणुकीची नेहमीची पद्धत आहे. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

काम झाल्यावर टीव्ही बंद करून उठू नये. फोनवरच्या सूचनापट्टीत ‘डिस्कनेक्ट’ किंवा ‘स्टॉप’ दाबून जोडणी तोडावी, कारण काही फोन टीव्ही पुन्हा सुरू होताच आपणहून जोडले जातात. टीव्ही सभागृहातला, शाळेतला किंवा दुसऱ्याच्या घरचा असेल तर त्याच्या यादीतून आपल्या फोनचे नाव काढून टाकावे, आणि यूट्यूब कोडने जोडले असेल तर तीही जोडी मोडावी. स्वतःच्या घरच्या टीव्हीवर मात्र एअरप्लेसाठी दर वेळी कोड मागण्याचा पर्याय चालू ठेवावा. सॅमसंगमध्ये नव्या फोनसाठी परवानगी विचारण्याचा पर्यायही तसाच चालू असू द्यावा, म्हणजे शेजारच्या घरातून चुकून निवडला गेलेला पडदा आपल्या दिवाणखान्यात उमटणार नाही.